बादलीतले मुठे

झुरळाला पाहुण्यासारखं दारापर्यंत पोहोचवणारी बाई अख्ख्या अष्टमी गावात एकच होऊन गेली, ती म्हणजे आमची भाडेकरू. पुलापलीकडे रोह्याच्या कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. मी चौथी पास, त्यामुळे घरी तिला आयतीच विद्यार्थिनी मिळाली. मी केरसुणी उगारली की ती झुरळ कागदावर घ्यायची आणि म्हणायची, "आजी, हा खेकड्याचा चुलतभाऊ. सांध्यांचे पाय बघा." मी म्हणायचे, "मग तुझ्या सासरचा असंल, तिकडंच ने." लग्न तिचं झालंच नव्हतं. खोलीतली कोळिष्टकं काढायला तिची मनाई, कारण "तिथं कुणीतरी राहतंय." बाजारात मासा उचलून ती मुलांना त्याचे कल्ले दाखवत बसायची. कोळीण ओरडायची, "घ्यायचाय का शाळा भरवायचीय गो?"

त्या जूनमध्ये मात्र तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मुलं कमी आली तर वर्ग बंद होणार, तिची नोकरी जाणार. म्हणून बारावी झालेल्या मुलांना बोलावून, एक तास घेऊन त्यांना गोडी लावायची असं तिनं ठरवलं. त्यासाठी गडब गावच्या एका विद्यार्थ्याच्या शेतातून तिनं बादलीभर मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, आणले आणि आमच्या मागच्या पडवीत ठेवले. पावसाळ्यात मागच्या दारी मुठ्यांची बादली दिसली की आमच्याकडे कुणी विचारत बसत नाही. सकाळी उठून सुनेनं कालवण केलं.

बाई पातेल्यात बघत राहिली. मला वाटलं, आता रडते.

"वहिनी, पाय मोडलेत का?"

"नाय गो, आख्खेच टाकलेत."

"मग द्या इकडं."

पातेलं मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. वर्गात कालवणातला मुठा उलटा धरून पोटावरची पट्टी दाखवली, अरुंद तो नर, रुंद ती मादी. तास संपला तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि मुलं बोटं चाटत होती, असं तिनंच येऊन सांगितलं. फार खूश होती.

प्रवेश तिघांनीच घेतला. वर्ग बंद झाला. बाई पेणला दुसऱ्या कामाला लागली. जाताना खोली लख्ख पुसून गेली, कोळिष्टकं तेवढी ठेवून.

सून अधूनमधून झाडू घेऊन येते. मी म्हणते, "राहू दे गो. खोली रिकामी नाय."