पाचवी नळी

बर्फातून काढलेली नळी मामा आधी गालाला लावत. क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "गार आहे. घे, तंबी." थर्मामीटर समोरच असे, पण त्यांचा भरवसा गालावर.

चेन्नईतल्या गिंडीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. घराणं तंजावरचं मराठी. मी पुण्याहून पीएचडीला आलेलो, सगळ्याची घाई असलेला. "कसाला घाई?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कसाला म्हणजे कशाला आणि तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, हे कळायला मला आठवडा लागला.

पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या अंगावर एक प्रथिन असतं. बाहेरून आलेल्या प्रथिनांचा पत्ता ओळखून ते त्यांना आत घेतं. मामा त्याला वॉचमन म्हणत. कंपवातात हा वॉचमनच बिघडतो का, हे आम्ही शोधत होतो.

त्याला खरवडून काढणारं एक द्रव्य असतं. तुलनेसाठी ते फक्त पहिल्या नळीत घालायचं. त्या दुपारी मोबाईलवर बोलता बोलता मी ते पाचवीतही घातलं. पाचवीत आजारी उंदराचे मायटोकाँड्रिया होते. त्यांच्यात काहीच आत शिरेना, तेव्हा वॉचमन बिघडल्याचा पुरावा मिळाला म्हणून माझे मार्गदर्शक सर हरखले. चार ठिकाणी सांगूनही आले.

पुढे तीनदा करून पाहिलं, पण तसं पुन्हा घडलं नाही. बाटलीतलं द्रव्य एका नळीऐवजी दोन नळ्यांइतकं कमी झालेलं मी पाहिलं आणि चूक माझीच हे समजलो. सरांनी विचारलं, त्या दिवशी नळ्या कोणी हाताळल्या? मामांची बोटं अलीकडे थोडी थरथरत. सगळ्यांनी त्या बोटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. याची लाज मला अजून वाटते.

मामांना काचसामान धुवायला बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि शेवटच्या दिवसापर्यंत बर्फाशी काम करायचं, एवढीच त्यांची हौस होती. चंबू धुऊन झाला की तोही ते सवयीने गालाला लावत. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच. तेच सोसवत नसे.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांची पिशवी उचलली. व्हरांड्यात ते थांबले.

"पाचव्या नळीत तूच घातलंस, तंबी. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"तू सांगशील म्हणून."

सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. सर आत बसलेले दिसत होते. मी मामांना बसस्टॉपवर सोडून आलो, आणि परतताना त्या दारावरून खाली मान घालून पुढे गेलो.