वाट्याबाहेरचे दोन दिवस

नवरा गेल्यावर माझ्या दोन मुलांनी मला वाटून घेतलं. तेव्हा मी रागावले नाही, याचा आता मलाच राग येतो. आमच्याकडे रीतच तशी आहे. शेत वाटतात, भांडी वाटतात आणि शेवटी उरलेली म्हातारी महिन्यांनी वाटतात. तीन महिने थोरल्याकडे, घोरावाडी स्टेशनजवळच्या त्याच्या फ्लॅटमध्ये. तीन महिने धाकट्याकडे, लोणावळ्याला तुंगार्लीत. तिथे तो सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी दुसऱ्यांचे दोन बंगले सांभाळतो आणि एका बंगल्याच्या मागच्या बाजूला स्वतः राहतो. दोघं याला ‘आईची पाळी’ म्हणतात. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, म्हणून मनातल्या मनात मी तिला तिमाही म्हणते.

मला कुणी उपाशी ठेवत नाही, टाकून बोलत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सुना छळतात. छळलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. माझी अडचण वेगळी आहे. पेन्शन माझं मला येतं, गुडघे ठीक आहेत, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, तरी उद्या मी एकटी राहते म्हटलं तर गावात एकच गोष्ट बोलली जाईल, की दोन पोरं असून आईला टाकली. मी सुटायचं म्हणजे त्यांनी मान खाली घालायची. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

थोरल्याकडे असताना ती मालिका सुरू झाली, रोज संध्याकाळी साडेसातला. तीन म्हाताऱ्या एका फ्लॅटमध्ये राहतात, एवढीच गोष्ट. एक विधवा, एक बिनलग्नाची आणि एक साठी उलटल्यावर नवऱ्याला सोडून आलेली, कारण लग्न झाल्यापासून तो रोज भाजीत मीठ कमी आहे म्हणत होता. तिघी बाथरूमवरून भांडतात, स्कूटर शिकायला जातात, केस रंगवताना एकमेकींचे कान काळे करून ठेवतात. यात हसण्यासारखं काय आहे, असं थोरल्याने विचारलं. मला सांगता येईना, कारण मी हसत होते. टीव्हीवर आजवर मी दोनच जातीच्या म्हाताऱ्या पाहिल्या होत्या, देवघरात बसलेल्या नाहीतर सुनेविरुद्ध कट करणाऱ्या. भर दुपारी कुणालाही न विचारता भजी तळून खाणारी म्हातारी मी पहिल्यांदा पाहत होते.

एका भागात त्यातल्या विधवेचा मुलगा तिला घरी न्यायला येतो. ती दार अर्धंच उघडते आणि म्हणते, “आत्ता मी कामात आहे. रविवारी ये.” दार बंद. काम काय, तर ती शब्दकोडं सोडवत असते.

दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. तिथे आम्ही पाच-सहाजणी रोज बसायचो आणि गुडघे, गोळ्या, सुना एवढंच बोलायचो. त्या दिवशी आंदर मावळातून लेकाकडे राहायला आलेल्या एक मावशी पदरात तोंड लपवून हसत होत्या. इतक्यात त्यांचा नातू वरून ओरडला, “आजी, चल, आई बोलावतीय.” मावशींनी मान वर केली आणि ठणकावून सांगितलं, “मी कामात हाय. आयतवारी ये म्हनावं!” आम्ही इतक्या हसलो की वॉचमन बघायला आला. मग मावशीच घाबरल्या. “लय झालं बया,” म्हणाल्या आणि चप्पल घालून मुकाट्याने वर गेल्या.

पुरुषांना मात्र ती मालिका झोंबली. असल्या मालिका घरं फोडतात, असं सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं म्हणे. थोरला साडेसातला बातम्या लावायला लागला. “आई, तुझ्या वयाला हे शोभत नाही गं,” एवढंच तो म्हणाला, तेही प्रेमाने. ज्याचा हात धरून मी अ गिरवून घेतला, त्याच्या हातातून मला रिमोट घेता आला नाही. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. तांदूळ निवडलेलेच होते.

आता तारखांची जी चूक झाली ती सांगते. माझी थोरली सून आंदर मावळातली. तिचा हिशोब अवसेवर चालतो, म्हणजे अमावास्येवर. तिसरी अवस झाली की तिच्या दृष्टीने माझी पाळी संपली. धाकटी सून लोणावळ्यात वाढलेली. तिचा महिना एक तारखेला सुरू होतो. अवसेचे तीन महिने कॅलेंडरच्या तीन महिन्यांपेक्षा दोन-तीन दिवसांनी आधी भरतात. एरवी धाकटाच गाडी घेऊन एक तारखेला यायचा आणि वरचे दिवस थोरली पदरात घ्यायची. या वेळी तिच्या माहेरची माणसं मुक्कामाला येणार होती. अवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आत्याबाई, तुमी आजच्या लोकलनं जावा. धाकट्या भाऊजींना ह्यांनी मेसेज टाकलाय. बॅग मी भरलीया.”

थोरल्याने मला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून डोक्यावरचा पदरही नीट केला. कान्हे स्टेशन आलं तेव्हा मी डोंगराकडे पाहिलं. त्या बाजूच्या शाळेत मी अकरा वर्षं होते, फाट्यापासून पायी जायचे. त्या काळात कुठे जायचं ते माझं मला ठाऊक असायचं.

तुंगार्लीत रिक्षातून उतरले तर फाटकाला कुलूप. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन धावत आला. “मावशी, तुमी हितं कशा? सायेब लग्नाला गेल्यात कोल्हापूरला. परवा येनार म्हनलं.”

परवा एक तारीख होती. मेसेजात तारीख नसणार, म्हणून तो वाचूनही धाकट्याने आई नेहमीसारखी एक तारखेलाच येणार असं धरलं होतं. मी बॅग घेऊन समोरच्या तळ्याच्या कठड्यापाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. दोन घरं असलेली बाई, आणि पाणी प्यायला कुणाच्या दारात जाऊ, कळेना. थोरल्याला फोन करायला हवा होता. तो धावत आला असता, पण दोन्ही घरांत महिनाभर भांडण पेटलं असतं. फोन हातात धरून मी तशीच उभी होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की परवापर्यंत मी कुणाच्याच वाट्याची नाही. थोरला समजतो मी धाकट्याकडे, धाकटा समजतो मी थोरल्याकडे. मी डोळे पुसले आणि दुसरी रिक्षा केली.

लोणावळ्याच्या बाजारात माझी एक मैत्रीण राहते. त्या अकरा वर्षांत आम्ही एकाच शाळेत होतो. एकमेकींना आम्ही अजूनही ‘बाई’च म्हणतो. त्यांचे मियाँ जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. खाली पुतण्याचं दुकान, वर दोन खोल्या, त्यातल्या एकीत बाई राहतात. दार उघडल्यावर त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. “जेवलात का, बाई?” एवढंच विचारलं.

ते दोन दिवस कसे गेले सांगू? आम्ही दहाला उठलो. चहाबरोबर शिळी भाकरी तेल-चटणी लावून खाल्ली, कारण दोघींनाही तीच हवी होती. संध्याकाळी बाईंची नमाज आटोपली की त्या टीव्ही लावायच्या, आणि आवाज कमी करा म्हणणारं कुणी नव्हतं. मालिकेतल्या तिघी त्या दिवशी पोहायला शिकत होत्या. मी इतकी मोठ्याने हसले की खालून पुतण्या विचारायला आला, चाची, सगळं ठीक आहे ना. माझा फोन बॅगेत बंद पडला होता. चार्जर शेजारीच होता. मी तो काढला नाही, हे मी कबूल करते.

दुसऱ्या संध्याकाळी मालिका संपल्यावर बाई म्हणाल्या, “बाई, ती दुसरी खोली बंदच असते. तुम्ही याच. अगदी खरं सांगते, गंमत नाही.”

मी “बघू” म्हटलं. पण त्यांची पाठ वळल्यावर त्या खोलीत जाऊन आले. एक कॉट, एक खिडकी, कोनाड्यात जुनी गठ्ठे बांधलेली पुस्तकं. मला ती खोली फार हवीशी वाटली. पातळं कुठे ठेवायची, तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

एक तारखेला दुपारी धाकटा आणि त्याची बायको आले. थोरल्याने फोनवर “आई कशी आहे?” विचारलं होतं आणि दोघा भावांच्या पायाखालची जमीन सरकली होती. वॉचमनने सांगितल्यावर धाकट्याने इथला अंदाज बांधला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आधी तो माझ्यावर ओरडला, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, चांगला चाळिशीचा माणूस. मग सावरून म्हणाला, “चल आता. लोकांना कळलं तर तोंडात शेण घालतील आमच्या. आणि राहायला तुला हेच घर...” पुढचं त्याने गिळलं. याच बाईंच्या डब्यातलं खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता. बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मालिकेतल्या त्या बाईचं, मी कामात आहे, रविवारी ये. बिल्डिंगमधल्या मावशीसुद्धा ते बोलल्या होत्या. बाई आता माझ्याकडे बघत होत्या. मी बॅग उचलली.

गाडी बाजारातून बाहेर पडली. सून पुढे बसली होती. मग मागे वळून म्हणाली, “आई, ती मालिका मीही बघते. फोनवर, कानात घालून.” नवऱ्याने चमकून पाहिलं, पण ती थांबली नाही. “माझी आई तिघा भावांकडे फिरते, ठाऊक आहे ना तुम्हाला? मधल्याकडे तिची कॉट गॅलरीत आहे. त्या बाईंची खोली रिकामी असेल तर मी माझ्या आईसाठी विचारू का?”

“नाही,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “ती खोली माझी आहे.”

सुनेने पुन्हा वळून पाहिलं. चिडलेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

“मग तुम्ही गाडीत बसलात कशाला?”

“न्यायला आलात म्हणून,” मी म्हणाले.