लाल कडीवाला तुतवार

पाठ दुखते. खरं सांगायचं तर सगळंच दुखतं. तीन हिवाळे झाले, तांबडं फुटायच्या आत शिरूरहून स्कूटर काढायची, खुटबावच्या पुढं नदीकाठी चिखलात येऊन बसायचं आणि दुर्बिणीतून तुतवारांचे पंख बघायचे. हे चिखलातलं पाखरू उत्तरेकडून झिजलेली पिसं घेऊन येतं. इथं चरता चरता पंखातलं एकेक जुनं पीस गाळतं, त्या जागी नवं उगवतं, आतून बाहेर. सगळ्यात बाहेरचं लांब पीस पुरतं वाढलं की पंख परतीला तयार. ते कधी वाढतं, एवढंच मला हवं होतं. लोक विचारतात, त्याचा उपयोग काय? उत्तर द्यायचं मी सोडलंय.

एकाच्या पायात कुणा अभ्यासकानं ओळखीसाठी घातलेली लाल कडी होती. तेवढाच मला नेमका ओळखता यायचा. आधीची दोन्ही वर्षं तो शेवटचं पीस वाढायच्या आतच कुठंतरी निघून गेला. यंदा टिकला. जराशी वाढ राहिली होती, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

काठावरचा मळा आबांचा. रोज किटलीतून चहा आणायचे. एकदा म्हणाले, "ताई, तुमची पाखरं लई लांब बसत्यात. डोळं जातील तुमचं."

"सवय झालीय, आबा."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर काठावर पारवेच पारवे. आबांनी पहाटे ज्वारी टाकली होती, माझी पाखरं जवळ यावीत म्हणून. तुतवार दाणा खात नाही, चिखलातले किडे खातो. पारव्यांच्या मागं ससाणा आला. सगळा काठ एकदम उठला, त्यात लाल कडीवालाही गेला. आठवडाभर वाट पाहिली. नाहीच आला.

मला भयंकर राग आला होता. पण काढायचा कुणावर? शेवटी आबांना सांगितलं, अगदी थकून, सगळं.

 ते बांधावर माझ्याशेजारी बसले, डोळ्यांवर आडवा हात धरून रिकाम्या चिखलाकडं बघत.

"कडी कुठल्या पायात हाय?"

"डाव्या," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.