पाणबुडीच्या खेळातलं संगीत

तुळजापूरच्या निवेदिताचा धाकटा भाऊ मुकुल जन्मापासून आंधळा. तरी लहानपणी ती दोघं मिळून कॉम्प्युटरवर गेम खेळायची. तात्या, म्हणजे त्यांचे वडील, शाळेत मास्तर होते. धाराशिवचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा त्यांनी तिथून जुना कॉम्प्युटर आणला. त्यात पाणबुडीचा एक गेम होता. निवेदिता बटणं दाबायची, मुकुल स्पीकरला कान लावून बसायचा. गुहेतून राक्षसी मासा यायच्या आधी संगीत बदलायचं, आणि ते आधी त्यालाच कळायचं. "ताई, मागं फिर!" तो ओरडायचा. ती फिरायची आणि वाचायची.

पुढं मुकुल धाराशिवला सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाला. एकदा ऐकलेला आवाज तो विसरत नसे. पण गेल्या वर्षापासून तो समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारू लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस कमजोर होत चाललीय, कानातल्या मशीननं काही दिवस भागेल.  घरी आल्यावर मुकुल म्हणाला, "ताई, त्या गेमचं संगीत कुठं मिळतं का बघ ना. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकावं वाटतंय."

निवेदितानं शोधशोध शोधलं आणि मोबाईलवर एका व्हिडिओत ते सापडलंसुद्धा. मोठ्या हौसेनं तिनं लावलं. मुकुलनं मान हलवली. "चाल तीच हाय गं. पण हे आपलं न्हाय. आपल्यात सनईसारखं रडायचं काहीतरी. ही तर बासरी."

तिनं व्हिडिओखाली विचारलं. कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं : गेममध्ये फक्त स्वर असायचे, ते कुठल्या वाद्याच्या आवाजात वाजणार, ते कॉम्प्युटरमधलं आवाज काढणारं साऊंड कार्ड ठरवायचं. म्हणजे घरोघरी तीच चाल वेगळी वाजायची.

ती धाराशिवला भीमाशंकरकडं गेली. त्यांचा कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"तात्यांचा व्हय? तो तर कवाच भंगारात गेला. कार्ड कुठल्या कंपनीचं होतं?"

ते तिला ठाऊक नव्हतं. सांगायला तात्याही राहिले नव्हते. भीमाशंकरनं तरी सगळी कपाटं उचकली, आणि हात झटकत म्हणाला, "आता कुठं शोधायचं, ताई?"

मग तिनं इंटरनेटवरून वेगवेगळ्या कार्डांवरची तीच चाल गोळा केली. शाळेत शिकवून आली की रोज एकेक लावायची. "न्हाय." "जवळ आलंय, पण न्हाय." दिवसेंदिवस मुकुल मोबाईलवर जास्त वाकू लागला.

एका संध्याकाळी तो एकदम ताठ झाला. "हेच! ताई, हेच ते!" कित्येक महिन्यांनी तो हसला होता. निवेदिताचे डोळे भरून आले. पण तिच्या कानाला काही हे पटेना. तिलाही ती सनई आठवत होती. खात्री करावी म्हणून तिनं गुपचूप पहिलं, बासरीचं लावलं.

"हेच की," मुकुल म्हणाला. "किती गोड वाजतंय."

  तिनं त्याचा हात हातात घेतला. तो मान डोलावत ऐकत राहिला.

"ताई, आवाज जरा मोठा कर की."

आवाज पूर्ण मोठाच होता.