कपाटातला सर्व्हर आणि चेअरमनची डोकेदुखी

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना अख्खी इमारत मशीनताई म्हणते. नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवसभर बाटल्यांत भरून आलेल्या पाण्यात काय काय आहे ते मोजायचं, आणि घरी आल्यावर हात धुऊन पुन्हा काहीतरी मोजायलाच बसायचं. कधीतरी त्यांच्या कचेरीतून दोन जुने संगणक मोडीत निघाले. ताईंनी ते घरी आणले, एकाचे अवयव दुसऱ्याला बसवले आणि नवऱ्याच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात घरचा सर्व्हर उभा केला. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, भलताच सोशिक माणूस. त्याचे शर्ट वरच्या कप्प्यात सरकले. "एक फायदा झाला," तो मला म्हणाला, "शर्ट नेहमी कोमट असतात."

त्या सर्व्हरवर घरातले फोटो होते, गाणी होती, पण ताईंचा जीव होता तो तापमानाच्या नोंदींवर. गॅलरीत एक छोटा सेन्सर टांगलेला. दर दहा मिनिटांनी एक आकडा, असे अकरा वर्षांचे. पावणेसहा लाखांहून जास्त नोंदी. सासूबाई गेल्या त्या दुपारचं तापमानही त्यात होतं.

"याचं करणार काय?" मी एकदा विचारलं होतं.

"करायचं कशाला? असू दे," त्या म्हणाल्या. "माणसं म्हणतात यंदा फार उकडतंय, मागच्या वर्षीही तेच म्हणतात. घरात एकानं तरी खरं बोलायला नको का?"

ताईंच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीचे चेअरमन राहायचे. त्यांचं डोकं दुखायला लागलं. वरच्या मशीनमधून लहरी निघतात आणि त्या थेट आपल्या उशीवर उतरतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. दोनदा तक्रार केली, ताईंनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा चेअरमननी समजावून घ्यायचं सोडून दिलं. एका दुपारी ताई कामावर असताना ते खाली मीटरच्या खोलीत गेले आणि ताईंच्या घराचा मेन स्विच बंद केला. मग चालू केला. मग परत बंद. असं पाच-सहा वेळा. वॉचमननं विचारलं तर म्हणाले, "प्रयोग करतोय."

संध्याकाळी ताईंनी कपाट उघडलं तेव्हा डिस्क खटखट आवाज करत होती. रात्रीच्या जेवणाआधीच ती गप्प झाली, कायमची. फोटो मुलीकडे होते, ते वाचले. नोंदी गेल्या. लोक एकमेकांना जेवलात का विचारतात, तशा ताई भेटेल त्याला "बॅकअप घेतलात का?" विचारायच्या. आणि त्यांचा स्वतःचा बॅकअप? तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवला होता. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. दुरुस्तीवाल्यानं डिस्क उघडून बघितली आणि नुसती मान हलवली.

वॉचमनकडून स्विचचं कळल्यावर ताई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी सोबत होते.

"दोन आकड्यांसाठी एवढं काय मनाला लावून घेता?" चेअरमन दारातच म्हणाले. "बंद केल्याबरोबर डोकं उतरलं माझं. म्हणजे सिद्ध झालं की नाही?"

ताई तशाच मागे वळल्या. जिना चढताना म्हणाल्या, "सिस्टर, या माणसाला मी सोडणार नाही." मी नर्स आहे, माणसं काय काय बोलतात ते रोज ऐकते. पण इतक्या शांतपणे कुणी बोललं की मला भीती वाटते.

पुढच्या रविवारी मीटिंग होती. चेअरमननी ठराव मांडला: इमारतीत असलं मशीन नको. ताई उठल्या.

"चेअरमनसाहेब, मशीन चालू आहे की बंद, हे तुम्हाला घरात बसून कळतं?"

"पाच मिनिटांत. माझं डोकंच सांगतं."

"छान. वीस दिवस करून बघू. रोज सकाळी सिस्टर माझ्या घरी येऊन नाणं उडवतील. छापा आला तर मशीन चालू, काटा आला तर दिवसभर बंद. त्या वहीत लिहितील आणि वही त्यांच्याकडेच ठेवतील. तुम्ही रोज दहाच्या आत चालू की बंद ते चिठ्ठीवर लिहून वॉचमनच्या डब्यात टाका. वीसपैकी पंधरा बरोबर आल्या, तर मशीन मी स्वतः भंगारात देईन."

चेअरमन हसले. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? "मंजूर," म्हणाले.

ताईंनी नवी डिस्क बसवली आणि गॅलरीत एक छोटा निळा दिवा लावला, खाली गाड्या लावतात तिथून नीट दिसेल असा. मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त नाणं उडवा आणि बटण दाबा. दिव्याकडे बघू नका."

मी बघितलंच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मशीन चालू केलं की दिवा विझतो आणि मशीन बंद केलं की लागतो.

"ताई, वायर उलटी लागलीय."

"मीच लावलीय."

"पण ही फसवणूक नाही का हो?"

"दिवा म्हणजे काय, हे मी कुणाला सांगितलंय का?" ताई म्हणाल्या. "ज्याला डोक्यानं कळतं त्याला दिवा कशाला बघायचाय?"

त्या दिवसापासून कामावर निघताना मी खाली जरा रेंगाळायला लागले. चेअरमन रोज साडेआठला गाडी पुसायला यायचे, फडकं फिरवता फिरवता मान वर करायचे आणि लगेच खिशातून चिठ्ठी काढायचे. मला हसू दाबणं अवघड जायचं.

एकविसाव्या दिवशी सगळे लॉबीत जमले. वॉचमननं डबा उघडला, मी वही उघडली. एकेक चिठ्ठी वाचायची आणि शेजारी वहीतली नोंद. चूक. चूक. चूक. दहापर्यंत लोक हसत होते, नंतर गप्प झाले. वीसपैकी एकोणीस चूक.

"बघा!" चेअरमन घाम पुसत म्हणाले. "नशीबच खराब."

"नशीब असतं तर दहाएक बरोबर आल्या असत्या," ताई म्हणाल्या. "डोळे मिटून लिहिलं असतं तरी आल्या असत्या. इतकं चुकायला रोज काहीतरी बघून लिहावं लागतं. माझा दिवा उलटा जोडलेला होता, साहेब. एक चिठ्ठी बरोबर आली, त्या दिवशी दिव्याची वायर निसटली होती."

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं आणि मग सगळी लॉबीच सुटली. चेअरमनच्या बायको तोंडाला पदर लावून लिफ्टकडे निघून गेल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"चुकलं माझं," चेअरमन पुटपुटले.

"काय चुकलं?"

"ते... स्विच."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. तेवढ्यावर ताईंचं भागलं नाही. माफीपत्र लिहून सूचना फलकावर लावायला लावलं. पहिल्या मसुद्यात शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या, त्या लाल पेनानं गोल करून परत पाठवल्या. दुसऱ्यात 'अनवधानाने' असा शब्द होता, तो खोडायला लावला. तिसरा महिनाभर फलकावर होता. महिन्याच्या आतच त्यांनी चेअरमनपद सोडलं. डोकेदुखी चष्म्याच्या नंबरची होती, नवा चष्मा केल्यावर थांबली.

अकरा वर्षं काही परत आली नाहीत. पहिले पंधरा दिवस ताई फुशारकीत होत्या. मग एकदा रिकामा ग्राफ उघडून बसलेल्या दिसल्या, डाव्या कोपऱ्यात जेमतेम बोटभर रेघ. आता बॅकअपची एक डिस्क माझ्या घरीही असते, माझ्या साड्यांच्या कपाटात.

राग मात्र ताईंनी जपून ठेवलाय. सकाळी माजी चेअरमन कामावर निघतात ती वेळ त्यांना तोंडपाठ आहे. त्या बरोबर तेव्हाच लिफ्टनं खाली येतात. तिसऱ्या मजल्यावर दार उघडतं, आत ताई, हसऱ्या चेहऱ्यानं. "या ना, जागा आहे." ते म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे," आणि जिन्याकडे वळतात. रोज.

"ताई, आता पुरे," मी परवा म्हटलं. "त्यांचे गुडघे दुखतात."

"नर्स असून असं बोलता?" ताई म्हणाल्या. "जिना उतरणं तब्येतीला चांगलं असतं." आणि घड्याळ बघून त्या लगबगीनं लिफ्टकडे गेल्या.