बाबा पवित्र झाले त्या वर्षीची भाऊबीज

ये गो, अशी इकडे सरक. दारात उभं राहून एवढं मोठं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चपला पायात घालायच्या, ही कुठली रीत? म्हणे, "आजी, पवित्रीकरण म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांग, पाळकसाहेब विचारणार आहेत." दोन वाक्यांत! सासरच्या मंडळीत दृढीकरणाला, म्हणजे आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायला, चाललीस की एसटी सुटतेय? माझ्याकडे दोन वाक्यं नाहीत, म्हणून हे लिहायला बसलेय. तेही धड बसवत नाही. चार ओळी झाल्या की उठते, अंगणात जाते, पुन्हा येते. या शब्दानं मला लहानपणापासून स्वस्थ बसू दिलेलं नाही, आणि त्याला कारण माझे बाबा.

गोष्ट पन्नास सालानंतरची. मी परकर नेसणारी मुलगी. बाबा रत्नागिरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमची ख्रिस्ती मंडळी एवढीशी, की रविवारी एक घर उपासनेला आलं नाही तर बाक उघडा पडायचा. आई जन्मानं ख्रिस्ती, पण बाबा त्यांच्या घरातले पहिले आणि एकटेच. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं. आईवडील न बोलताच गेले. रक्ताचं माणूस उरलं ते एक, धाकटी बहीण, माझी आत्या. ती हेदवीत दिलेली. पहिली वर्षं तीसुद्धा सासूच्या धाकानं बाबांना अंगणात बसवायची आणि पाणी वरून ओंजळीत घालायची. सासू थकली, आत्याच्या हातात घर आलं, तशी ती बाबांना आधी ओटीवर आणि मग माजघरात घेऊ लागली. दर भाऊबीजेला बाबा हेदवीला जात. पाट, रांगोळी, निरांजन, सगळं. फक्त कुंकू लावून घेत नसत. आत्या करंडा हातात धरून दर वर्षी विचारायची, "लावू, दादा?" बाबा म्हणायचे, "नको." मग ती कोरडंच बोट त्यांच्या कपाळाला टेकायची. एवढ्यावर दोघांचं भागत होतं.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर बाहेरगावचे एक उपदेशक आले. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात मांडव घातला, गॅसबत्ती टांगली. माणूस उंच, आवाज खणखणीत. म्हणाले, तुमचं तारण झालं ते ठीक, पण पवित्रीकरण झालं का? जुनं काही अंगाला चिकटून राहिलं आहे का? ज्याला खात्री आहे की आपण पूर्ण पवित्र झालो, त्यानं आता उभं राहावं.

बाबा उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. ते उभे राहिले म्हणून मीही उठायला गेले, तर आईनं माझा परकर मुठीत घट्ट धरलेला. हळूच म्हणाली, "तू बस. घरात एक पुरे."

आणि मग ते पवित्र माणूस घरात राहायला आलं म्हण ना. बाबांनी तपकिरीची डबी परसात पुरली. ते बरंच झालं, आई वर्षानुवर्षं रुमाल धुऊन कंटाळली होती. पण तेवढ्यावर ते थांबेनात. पहाटेपासून फेऱ्या. जेवताना मध्येच घास थांबायचा आणि विचारायचे, "हे कुठून आलं? ते कोणी दिलं?" मी हसले तर का हसलीस, गप्प बसले तर मनात काय आहे. बाबा नजर टाकायचे आणि मला वाटायचं, माझ्या आतलं सगळं यांना दिसतंय आणि ते काही चांगलं नाही. घरात कोणाला धड झोप नाही. ज्यांना खात्री झाली होती, त्यांना तर मुळीच नाही.

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून दरवर्षीसारखं फराळाचं ताट आलं. बाबा म्हणाले, "मूर्तीपुढे ठेवलेलं असेल. परत दे." आईचं तोंड एवढंसं झालं. ताट झाकलेलं तसंच मी घेऊन गेले.

"का गो? बाबांचं पोट बिघडलं?" काकूंनी विचारलं.

"नाही. ते पवित्र झालेत," मी म्हटलं.

काकूंनी ताट घेतलं. जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईपण अशाच पवित्र होत्या हो. जन्मभर त्या आमच्यापासून लांब आणि आम्ही त्यांच्यापासून. तू चकली तरी खाऊन जा."

मी खाल्ली. कोणाला सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

भाऊबीज जवळ आली, तसे बाबा म्हणाले, "या वर्षी हेदवीला जाणार नाही. ओवाळून घेणं आता मला चालायचं नाही."

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "अहो, ती वाट बघत बसेल."

"बसू दे. देवानं मला वेगळं काढलंय."

"काढलं असेल. पण ज्या सोवळ्यानं तुम्हाला अंगणात बसवलं, तेच तुम्ही मागल्या दारानं आत घेतलंत. फक्त आता आत तुम्ही आहात आणि अंगणात ती."

बाबांनी पायात वहाणा घातल्या. दवाखान्याची वेळ व्हायची होती तरी छत्री घेऊन बाहेर पडले. आकाश कोरडं ठणठणीत होतं.

शेवटी आई आणि मीच गेलो. जयगडपर्यंत एसटी, खाडी होडीनं, पलीकडे बैलगाडी. होडीवाले चाचा बाबांना ओळखत. म्हणाले, "आज भाईसाब नाय? बहिणीकडं भावजय चालली, ही उलटी भाऊबीज कुठली?" आई म्हणाली, "चाचा, वल्हं मारा." एरवी ती कोणाला असं तोडून बोलत नसे. आत्याला काय सांगायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. आजारी आहेत म्हणावं तर खोटं. आणि आईला खोटं बोलता यायचं नाही. ती कधी कुठल्या सभेत उभी राहिली नव्हती, तरी.

आत्या ओटीवरच होती. रांगोळी काढून झालेली, पाट मांडलेला. आमच्या मागे वाकून बघत म्हणाली, "वैनी, दादा कुठे राहिला? गाडीवाल्याशी हुज्जत घालतोय होय?"

"वन्सं, ते आले नाहीत. म्हणतात, मी पवित्र झालो, आता ओवाळून घेणं चालायचं नाही."

आत्या हसली आधी. तिला थट्टाच वाटली. मग आईचं तोंड बघून तिनं रांगोळीची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे मी शिवायचं नाही त्याला?"

आईनं नजर रांगोळीकडे वळवली.

"सासूबाईंनी माझ्याकडून त्याला वरून पाणी घालायला लावलं, तेव्हा मी परसात जाऊन रडायची गो. आणि तोच मला सांगायचा, अगो, आमच्या देवाजवळ वरचा-खालचा नाय, तू रडू नको. मग हा कुठला देव आला मधी?"

तिनं आम्हाला जेवू घातलं. पाट मात्र तिनं उचलला नाही. जावेनं दोनदा विचारलं, "काढू काय?" तर म्हणाली, "राहू दे. कोणाच्या पायात येत नाय."

घरी आल्यावर आईनं बाबांना शब्दन् शब्द सांगितला. वर एक अक्षर नाही आणि खाली एक नाही. बाबांनी ऐकून घेतलं. पुढचे दिवस मला आठवतात ते त्यांच्या पायांच्या आवाजानं. अंगणात इकडून तिकडे, तिकडून इकडे. दवाखान्यात म्हणे औषधाची बाटली भरता भरता थांबायचे. पाळकसाहेबांकडे गेले, ते म्हणाले, प्रार्थना करा. आईकडे आले, ती म्हणाली, "प्रार्थना एसटीतसुद्धा होते."

गेले एकदाचे हेदवीला. भाऊबीज कधीच सरली होती. परत आले ते दोन दिवसांनी, आणि ओटीवर बसून आपणहून सांगू लागले. म्हणाले, आत्यानं त्यांना आत ये म्हटलंच नाही. अंगणात उभं केलं, तांब्या आणला आणि म्हणाली, "ओंजळ कर." वरून पाणी ओतलं, पहिल्यासारखं. बाबा सगळं प्यायले. बाह्या भिजल्या.

"मग म्हणाली, कसं लागलं? मी म्हटलं, तेव्हा लागलं होतं तसंच. तर म्हणाली, मग मला कसं लागलं असेल?" आईनं विचारलं, "मग आत घेतलं की नाही?" म्हणाले, "घेतलं. पण त्याआधी अंगण झाडून घेतलं माझ्याकडून. म्हणाली, पवित्र माणसाचा हात लागू दे."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि मग हसता हसता रडली.

पुढच्या साक्षीच्या सभेत, जिथं ज्यानं त्यानं आपला अनुभव सांगायचा, बाबा पुन्हा उभे राहिले. उपदेशक तेव्हा दुसऱ्या गावी गेले होते, पाळकसाहेब होते. बाबा म्हणाले, "मागे मी इथं उभा राहून म्हटलं, झालं. ते चुकलं. देवानं हात घातलाय एवढं खरं आहे, पण काम चालू आहे. देवानं मला वेगळं काढलं ते लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून, आणि मी लोकांपासून लांब जाऊन बसलो. माझ्या ख्रिस्ती नसलेल्या बहिणीकडून मला हे शिकावं लागलं." मागच्या बाकावरच्या एक बाई कुजबुजल्या, "मग तेव्हा उभे कशाला राहिले होते?" तेवढ्यात गीत सुरू झालं.

सगळं सरळ झालं असं समजू नको. तपकीर सुटली ती सुटलीच, पण राग सुटला नाही. शेजारच्या काकूंशी बोलायला बाबांना पुढचं वर्ष लागलं. मरेपर्यंत त्यांना खात्री नव्हती, आणि खात्री नव्हती तेव्हाच ते जवळ जायला सोपे होते. पवित्र आत्मा माणसाला धरतो आणि मग सोडत नाही, एवढं मला कळलं. पण माणूस आपणहून "झालं" म्हणाला की मी अजून दचकते. मी स्वतः किती झाले, विचारू नकोस. काल दुधवाल्यावर ओरडले आणि आज सकाळपासून त्याची वाट बघतेय.

पाळकसाहेबांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. आणि दृढीकरण होण्याआधी एकदा ये. तुझी धाकटी जाऊ तुझ्याशी बोलत नाही म्हणतात, तर तिलाही घेऊन ये. दोघींना पुरेल एवढं घरात आहे. लवकर ये हो.