गोपद्मांचं फूल होता होता

मैत्रिणींनो, मी इथे फारसं लिहीत नाही, पण आजचं सांगावंसं वाटलं.

बाहत्तरच्या सुमारास संगमनेरजवळच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली. कॅनवर रंगवायची खूण आमच्या ह्यांनी सुचवली: चातुर्मासात मी दारात काढायचे ती गोपद्मं, म्हणजे गाईच्या पावलांची रांगोळी. यंदा उन्हाळ्यात हे गेले.

आज सकाळी संस्थेचा नवा लोगो करणारी मुलगी घरी आली. तिच्या चित्रात पावलांच्या पाकळ्या झाल्या होत्या.

"फूल नाही गं, गाईची पावलं आहेत ती," मी म्हटलं.

"मग आजी, तुम्हीच काढून दाखवा ना."

माझा हात पुढे होईना. घरातलं माणूस गेलं की आमच्यात वर्षभर रांगोळी काढत नाहीत. आणि न काढावी, तर ह्यांची खूण फूल म्हणून छापली जाणार.

माझ्या मोठ्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. "भुईवर काढली तर रांगोळी. कागदावर पेनानं काढलं तर ते चित्तर हाय. काढ गुमान!"

मुलीला हसू आलं. "हसतीस काय? तूबी बघून शीक," जाऊबाईंनी तिलाही सुनावलं.

मी काढली. पहिलं पाऊल जरा वाकडं आलं, पण मुलीने ते बदलू दिलं नाही. तोच कागद घेऊन गेली.

जाऊबाईंचे आभार तोंडावर मानायला जमलं नाही, म्हणून इथे मानते. रीत न मोडता तुम्हाला अशी वाट करून देणारं कुणी आहे का घरात?